मित्र, बरोबरीची आणि माय-बाप : १९४२ च्या नागपूर परिषदेतून आमच्या घरांकडे पाहताना

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित वर्गातील स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. आदल्या दोन दिवसांत त्याच नगरीत दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद झाली होती आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभे करण्याचा निर्णय झाला होता. हजारोंनी आलेल्या बायांपुढे बाबासाहेब त्या दिवशी बोलले. त्या भाषणातले एकच वाक्य आपण पाठ केले आहे. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, अशा आशयाचे ते वाक्य विहारांच्या भिंतींवर आहे, कॅलेंडरांवर आहे, १४ एप्रिलच्या फलकांवर आहे. भाषण मात्र तिथे संपत नाही. ते पुढे घरात शिरते, आणि नेमके घरात शिरल्यावर आपण त्याला दारातच उभे केले आहे, असे मला वाटते.

पुढे बाबासाहेब काय सांगतात? स्वच्छ राहा, व्यसनांपासून दूर राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या मनात मोठे होण्याची ईर्ष्या निर्माण करा, त्यांचा न्यूनगंड काढून टाका. लग्नाची घाई करू नका, लग्न हे एक ओझे आहे, ते पेलण्याची ऐपत येईपर्यंत ते मुलांच्या खांद्यावर टाकू नका. ज्यांची लग्ने होतील त्यांनी लक्षात ठेवावे की पुष्कळ मुले होऊ देणे हा गुन्हा आहे. आईबापांचे कर्तव्य हे की प्रत्येक मुलाला आपल्याला मिळाली त्याहून चांगली सुरुवात मिळवून द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, लग्न झालेल्या प्रत्येक मुलीने नवऱ्याच्या पाठीशी उभे राहावे, त्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून हक्क सांगावा, त्याची दासी होण्यास नकार द्यावा.

हा सारा मजकूर मी माझ्या शब्दांत दिला आहे. तो सुटा सुटा वाचला तर उपदेशाची यादी वाटते. परंतु सलग वाचला तर त्यात एक कार्यकारणाची साखळी दिसते. नवरा-बायको बरोबरीचे असतील तर मुले किती आणि केव्हा हे दोघे मिळून ठरवतील. मुले मोजकी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला आईही येईल आणि बापही येईल. दोघेही वाट्याला आले तरच मुलाची सुरुवात आईबापांच्या सुरुवातीहून पुढची होईल. आमच्या चळवळीच्या इतिहासात नवरा-बायकोचे सुख, मुलांचे दोघांनी मिळून केलेले संगोपन आणि बापाचे मुलात गुंतणे हे तीन प्रश्न इतक्या उघडपणे एकत्र मांडले गेले ते इथे. आपण मात्र एक टोक भिंतीवर रंगवले आणि बाकीची साखळी गुंडाळून ठेवली.

इंग्रजी पुस्तकांत हा विषय बऱ्याच उशिरा आला. बेल्स्की या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये पालकत्व कशाकशाने घडते याची मांडणी केली. त्यात आईबापांचा स्वभाव, मुलाचा स्वभाव आणि घराला बाहेरून मिळणारा आधार असे घटक धरले, आणि आधारांत नवरा-बायकोच्या संबंधांना महत्त्वाचे स्थान दिले. पुढच्या अभ्यासकांनी असे दाखवले की नवरा-बायकोतली कटुता मुलाशी होणाऱ्या वागणुकीत झिरपते, आणि मुलाच्या बाबतीत दोघे एकमेकांना उचलून धरत असतील तर त्याचा ओलावा उलट संसाराकडेही येतो. यात खोटे काही नाही. पण ज्या घरांवरून हे सिद्धान्त निघाले त्या घरांत संध्याकाळ होती. बाप पाच वाजता कामावरून सुटत होता. आमच्या घरांचा इतिहास संध्याकाळ नसलेल्या घरांचा आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय ती मापे इथे लावता येत नाहीत.

भंडारा-नागपूरच्या पट्ट्यातला महार हा नुसता गावकीचा राबता माणूस नव्हता. तो विणकरही होता. जाडेभरडे कापड विणणे हा या भागात त्याचा मोठा व्यवसाय होता, याची नोंद रसेल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात केली आहे. हातमागाच्या घरात कांड्या भरायच्या बाईने आणि पोरांनी, मागावर बसायचे पुरुषाने. म्हणजे आई, बाप आणि लेकरू दिवसभर एका छपराखाली. वरवर पाहता यापेक्षा जास्त सोबत ती कोणती? पण सोबत राबणे आणि सोबत वाढवणे यांत अंतर आहे. लेकरू त्या घरात हात होते. त्याचे बोट चुकले तर बापाचा हात उठायचा, कारण कापड उशिरा गेले तर रात्रीची भाकर जायची. पुढे गिरण्यांच्या सुतापुढे आणि कापडापुढे हा हातमाग टिकला नाही, आणि नागपूरला १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांकडे आमची माणसे निघाली. जे गावात राहिले ते मालगुजाराच्या बांध्यांत आणि कोतवालीत अडकले. कोतवालाला वेळ नसते. हाक आली की उठायचे, मग ताप भरलेले पोर मांडीवर असो की जेवणाचे ताट पुढ्यात असो. आपल्या जुन्या पिढीचे बाप तुटक होते, घुमे होते, अशी तक्रार पुष्कळ आत्मकथनांतून येते. त्या तुटकपणाची मुळे स्वभावात शोधण्याआधी गावकीत शोधावी लागतील.

याचा अर्थ बापाला सर्व माफ असा मी करत नाही. पाटाची आणि काडीमोडीची चाल आमच्यात जुनी. नांदायचे नसेल तर बाईला सुटता येत होते, विधवेला पुन्हा संसार मांडता येत होता. वरच्या जातींतील बायांना जे नव्हते ते आमच्या बायांना होते, असे आपण अभिमानाने सांगतो. मग १९४२ च्या परिषदेत घटस्फोटाच्या कायदेशीर हक्काची मागणी का झाली? बहुपत्नीत्वाच्या बंदीची मागणी का झाली? उत्तर सरळ आहे. काडीमोड पंचांच्या हाती होती आणि पंच पुरुष होते. नवऱ्याला दुसरी करता येत होती. बाईला दुसरा करायचा तर आधी पहिल्याकडून मोकळीक मिळवावी लागे. मुलांचे काय करायचे हेही पंचच ठरवणार. पायातली बेडी सैल असणे आणि नसणे यांतला फरक त्या बायांना चांगला कळत होता. ठराव करणाऱ्या बायांना काही कळत नसे, त्या नुसत्या भाषण ऐकायला आल्या होत्या, असे मानणारे अजून आहेत. त्यांनी मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांचे १९८९ मध्ये आलेले ‘आम्हीही इतिहास घडवला’ वाचावे.

बाबासाहेबांच्या मनात हा विषय १९४२ ला अचानक उगवलेला नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ते बायांशी बोलले तेव्हा त्यांनी मुलींनाही मुलांसारखे शिकवा असे सांगितले आणि दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला किंवा मुलाला जेवू घालू नका असेही सांगितले. जेवण वाढण्याचे काम हीच बाईची सत्ता होती. ती सत्ता वापरा, असा त्याचा अर्थ. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणाची सवलत देणाऱ्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. मातेला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याच्या खर्चाचा काही भार सरकारने आणि मालकाने उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका. म्हणजे लेकरू वाढवणे ही दोघांची जबाबदारी आहे असे म्हणून ते थांबले नाहीत. तिसरा भागीदारही त्यांनी कटघऱ्यात उभा केला. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेबांनीच. आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसारासाठी सरकारने पावले उचलावीत असा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मांडला, त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. ठराव फेटाळला गेला. त्या भाषणात बाळंतपणांनी खचलेल्या बाईचा विचार आहे, मुलांच्या मृत्यूंचा विचार आहे. तो कुठून आला, हे सांगायला संशोधन लागत नाही.

रमाबाईंना पाच मुले झाली. एक यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू गेली, आणि जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेला. ऑगस्ट १९२६ मध्ये दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांमधला बाप पूर्ण उघडा पडला आहे. १९१३ ते १९१७ आणि पुन्हा १९२० ते १९२३ ते परदेशात होते. त्या काळात घर रमाबाईंनी ओढले. पतीच्या शिक्षणाच्या काळात पत्नीने शेणाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या हे त्यांनी स्वतःच १९२८ मध्ये ‘बहिष्कृत भारता’त लिहून ठेवले. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा त्यांचा १९४० चा ग्रंथ रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण आहे.

आपल्याकडे रमाई म्हणजे त्यागमूर्ती, असे म्हणून आपण मोकळे होतो. गाणी गातो, डोळे पुसतो. मला या गाण्यांची थोडी धास्ती वाटते. मूर्ती केली की तिचा प्रश्न विचारावा लागत नाही. एकटीने चार लेकरांची मरणे सोसणे हा कोणाही बाईच्या वाट्याला येऊ नये असा भोग होता, आदर्श नव्हता. आणि बाबासाहेबांनीही त्याला आदर्श केले नाही. रमाबाई गेल्यावर सात वर्षांनी ते नागपुरात तरुण मुलींपुढे उभे राहिले तेव्हा ‘सोसा’ असे म्हणाले नाहीत. दासी होऊ नका, मित्र व्हा, मुले मोजकी ठेवा, असे म्हणाले. आपल्या घरात परिस्थितीने जे होऊ दिले नाही ते समाजाच्या घराघरांत व्हावे, ही त्यांची मागणी मी या तारखांवरून वाचते. यात त्यांना कमीपणा येतो असे ज्यांना वाटते त्यांच्याशी माझे जमणार नाही.

सुभेदार रामजींचा दाखला इथे आवश्यक आहे, कारण तो वरच्या साखळीला छेद देतो. भीमाबाई १८९६ मध्ये वारल्या. भीम तेव्हा पाच वर्षांचा. घर सांभाळायला आत्या मीराबाई होत्या. पुढे रामजींनी दुसरे लग्न केले आणि ते मुलाला रुचले नाही, विशेषतः आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून, अशी नोंद धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. म्हणजे संसार सुखाचा, म्हणून बाप मुलात गुंतलेला, असे हे समीकरण नव्हते. तरी हाच बाप परळच्या चाळीतल्या एका खोलीत मुलाला लवकर निजवून स्वतः जागत बसे आणि रात्री दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवी. पुस्तकांसाठी लग्न झालेल्या लेकींकडे जाऊन दागिना मागून आणी, तो गहाण टाकी आणि पेन्शन आली की सोडवी. दागिना लेकीच्या अंगावरचा, विद्या मुलाची, हा हिशेबही विसरू नये. मंजुळा आणि तुळसा या बहिणींचे नाव बाबासाहेबांच्या शिक्षणाच्या इतिहासात आपण किती वेळा घेतो? पण रामजी हे दाखवतात की बाप एकटाही गुंतू शकतो. पलटणीतल्या शाळेने त्यांना अक्षर दिले होते, पेन्शनने त्यांना संध्याकाळ दिली होती. कोतवालीतल्या बापाकडे यातले काहीच नव्हते.

दुसरा दाखला आमच्या विदर्भाचा आहे, आणि माझ्या मते तो या विषयाचा सर्वांत मोलाचा कागद आहे. कौसल्या बैसंत्री यांचे ‘दोहरा अभिशाप’ हे आत्मकथन १९९९ मध्ये हिंदीत आले. नागपूरच्या वस्तीत जन्मलेल्या या बाईंचे आईवडील दोघेही एम्प्रेस मिलमध्ये कामाला. दोघे सकाळी कामावर जाणार, दोघे थकून येणार, घरात पोरींची रांग. पण या दोघांनी एक गोष्ट ठरवली, पोरींना शिकवायचे. ते ठरवण्यामागे जाईबाई चौधरी होत्या. उमरेडकडच्या या बाईने कुमारवयात स्टेशनवर ओझी वाहिली आणि पुढे १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. घरोघर जाऊन आईबापांना पटवणारी अशी बाई नसती तर गिरणीतल्या त्या नवरा-बायकोची इच्छा इच्छाच राहिली असती. वस्तीतले लोक हसत. पोरी शिकवून काय बॅरिस्टर करणार का, हा टोमणा तेव्हा सगळीकडे होता. टोमण्यापुढे आई आणि बाप एका बाजूला उभे राहिले. ‘संगोपनात एकमेकांना उचलून धरणे’ असे जे शास्त्राची मंडळी म्हणतात, ते या घरात इतिहास होऊन बसले आहे.

आणि त्याच पुस्तकाचा दुसरा भाग पाहा. याच मुलीने, विद्यार्थी चळवळीत वाढलेल्या, १९४२ ची परिषद अनुभवलेल्या मुलीने, शिकलेल्या कार्यकर्त्याशी लग्न केले. त्या संसारात तिला मित्रही मिळाला नाही आणि बरोबरीही मिळाली नाही. नवऱ्याला बायको स्वयंपाकापुरती आणि शरीरापुरती हवी होती असे तिने उतारवयात स्पष्ट लिहिले आणि त्या घरातून बाहेर पडली. अंगठाछाप गिरणी कामगाराच्या घरात जे होते ते पदवीधर पुढाऱ्याच्या घरात नव्हते. आमच्या चळवळीने या वाक्यावर थांबायला हवे होते. आपण पुस्तकावर समीक्षा लिहिल्या, घरावर लिहिल्या नाहीत.

शिक्षणाने पुरुष आपोआप बदलतो हा आपला मोठा भ्रम आहे. तो बदलतो तो कामाने, म्हणजे घरातल्या कामाने. माझ्या घरचे सांगते. माझी माय विड्या वळत होती. वैनगंगेच्या काठच्या आमच्या गावात पावसाळ्यात रोवणी, बाकीचे आठ महिने विडी. तेंदूचे पान रात्री भिजत घालायचे, सकाळी फर्मा ठेवून कापायचे, जर्दा भरायचा, वळायचे, धागा बांधायचा आणि शेवटी विडीचे तोंड बंद करायचे. हे तोंड बंद करण्याचे काम लेकरांचे, कारण बोटे बारीक लागतात. हजारावर मजुरी, त्यातून सट्टेदार छाट म्हणून विड्या बाजूला काढणार, छाटलेल्या विडीची मजुरी नाही आणि विडीही परत नाही. मी सातवीत गेले त्या वर्षी माझा बाप, दुसऱ्याच्या बांध्यात राबून आलेला, संध्याकाळी माझ्या जागेवर बसला आणि विड्यांची तोंडे बंद करू लागला. मला म्हणाला, “तू वाच.” गल्लीतले पुरुष हसले. लेकरांचे काम करते म्हणून, बायकोच्या सुपाशी बसते म्हणून. तो बसत राहिला. त्याआधी माझी माय आणि बाप एकमेकांशी बोलत ते कामापुरते. सुपाशी बसल्यावर दोघे बोलू लागले. काय बोलत? सट्टेदाराला शिव्या, पोरीची फी, मामाच्या गावची लग्ने. मी पुस्तकाआडून ऐकत असे. त्यांच्यात काही मोठे प्रेम उमलले असे मी लिहिणार नाही. पण मारणे थांबले. एका सुपावर चार हात चालत असताना मार होत नाही.

म्हणून मला बाबासाहेबांच्या साखळीची दुसरी दिशाही दिसते. आधी नवरा-बायको मित्र आणि मग मूल, हा विचार बरोबरच आहे. पण ज्या समाजात मैत्रीला फुरसतच नाही तिथे मुलाची पाटी मध्ये आली आणि तिच्याभोवती दोघे बसले, असेही झाले आहे. १९५६ नंतर हे जास्त झाले. दीक्षेने देव गेले, आणि घरात देव्हाऱ्याची जी जागा मोकळी झाली तिथे दप्तर आले, असे कोणी म्हटले तर ते मला अतिशयोक्तीचे वाटत नाही. मुलांची नावे बदलली. कचरू, धोंडी गेले. सिद्धार्थ, राहुल, सुजाता, विशाखा आल्या. नाव ठेवताना आईबाप पहिल्यांदा एकत्र बसून विचार करू लागले.

बौद्ध विवाहविधीत वर पाच वचने देतो आणि वधू पाच वचने देते. मूळ दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात आहे. नवऱ्याने पत्नीचा मान राखावा, अपमान करू नये, व्यभिचार करू नये, तिच्या हाती अधिकार सोपवावा, तिला अलंकार द्यावेत. त्याच सुत्तात आईबापांची मुलांविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत, आणि ती आईची वेगळी, बापाची वेगळी अशी सांगितलेली नाहीत, मातापित्यांची म्हणून एकत्र आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत हे आहे. पण मंगल परिणयात ‘अधिकार सोपवीन’ असे माइकवर म्हणणाऱ्या किती नवरदेवांच्या सातबाऱ्यावर पुढे बायकोचे नाव चढले? भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या नात्यागोत्यात मोजून पाहावे. दोन हातांची बोटे पुरतील.

कायदाही असाच अर्धा चालला. हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. नंतर ते तुकड्या-तुकड्यांनी मंजूर झाले, आणि ते कायदे बौद्धांनाही लागू आहेत. त्यांतल्या १९५६ च्या अज्ञान मुलांच्या पालकत्वाच्या कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि ‘त्याच्यानंतर’ आई, असे लिहिलेले आहे. नऊ महिने आणि पुढची पंधरा वर्षे जिने ओढली ती ‘नंतर’. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावर असे नव्हे. बाप लक्ष घालत नसेल किंवा हजर नसेल तर आईही पालक होते. न्यायालयाने अर्थ बदलला, पण कायद्याचा शब्द तसाच उरला. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव सक्तीचे झाले, आणि तेही बापाच्या नावाआधी. चांगले झाले. पण बापाचे नाव कागदावर होते म्हणून बाप घरात होता असे नाही, आणि आईचे नाव कागदावर आले म्हणून तिच्या डोक्यावरचे ओझे उतरेल असेही नाही.

तिसऱ्या भागीदाराचे काय झाले तेही पाहावे. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा आला, त्यात कारखान्यातल्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. मालकांनी काम कारखान्यातून उचलून बायांच्या ओसरीवर टाकले. ओसरीला कारखाना म्हणत नाहीत, तेव्हा पाळणाघराचा प्रश्नच मिटला. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात पाच किंवा अधिक लहान मुले कामावर आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी असे होते. आमच्याकडच्या तलावाच्या गाळकामावर मी झोळ्या पाहिल्या आहेत त्या पळसाच्या झाडाला. झोळीला झोका देणारी सात-आठ वर्षांची बहीण. तिची शाळा त्या झोळीत गेली.

आणि गाव? आईबाप दोघे एका बाजूला उभे राहिले, मुले शिकू लागली, तर गाव काय करते? भंडारा जिल्ह्यात राहून या प्रश्नाला बगल देता येत नाही. मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंब आपल्या तुकडाभर जमिनीसाठी उभे होते, पोरांना शिकवत होते. सुरेखाबाई पुढे होत्या आणि भैयालाल त्यांच्या सोबत होते. बायको पुढे आणि नवरा सोबत, हे गावाला जातीइतकेच खुपले असावे, असे माझे मत आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखाबाई, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांना गावातल्या लोकांनी ठार केले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची २५ वर्षांची सक्तमजुरी केली. ॲट्रॉसिटीचा कायदा लागलाच नाही. भैयालाल २०१७ मध्ये वारले. एका दलित घरातले नवरा-बायको मित्र झाले आणि त्यांनी मुलांना चांगली सुरुवात द्यायचे ठरवले, तर ती घरगुती गोष्ट राहत नाही. मानसशास्त्राच्या पुस्तकांत या घटकाला रकाना नाही.

मी ज्या महाविद्यालयात शिकवते तिथे जूनमध्ये प्रवेशाला मुली येतात. पूर्वी बहुधा भाऊ किंवा मामा सोबत असे. अलीकडे बाप जास्त दिसतात. चप्पल दाराबाहेर काढून आत येणारे, फॉर्मवर कुठे सही करायची ते लेकीला विचारणारे बाप. आई कामावर असते, कारण दोघांनी रोज पाडला तर हप्ता चुकतो. पुष्कळ बाप धान कापून झाले की मजुरीसाठी परराज्यात जातात आणि संगोपन मोबाइलवर चालते. एका विद्यार्थिनीने मला सांगितले, तिचा बाप रोज रात्री फोन करतो आणि आधी तिच्या आईला विचारतो, “जेवलीस का?”, मग तिला विचारतो, “काय वाचलंस?” हा क्रम तिने मुद्दाम सांगितला.

१९४२ ला नागपूरला गेलेल्या बायांत ज्या पंधरा वर्षांच्या होत्या त्याही आज नव्वदी कधीच ओलांडून गेल्या. भंडारा, पवनी, साकोली, तुमसर या भागांतून कोण कोण गेल्या, कोणाच्या सोबत गेल्या, लेकरांना कोणापाशी ठेवून गेल्या, याची यादी झालेली नाही. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात बाई परिषदेला गेली त्या घरात त्या दिवशी पोरांना कोणी जेवू घातले? ज्यांच्या आज्या, पणज्या गेल्या होत्या अशा वाचकांनी घरात विचारून लिहून ठेवावे. मी माझ्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुटीत हेच काम दिले आहे. आतापर्यंत सात वह्या आल्या आहेत. त्यांतल्या तीन वह्यांत आजोबांनी चूल पेटवली असे लिहिले आहे, दोन वह्यांत शेजारणीने, आणि दोन वह्यांत ती जागा कोरी आहे.